घंटावाले सर

शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठेत झेरॉक्स, रिचार्ज आणि पॅनकार्ड जिथे एकाच गाळ्यात चालतं, तिथे मागच्या टेबलाशी एक सर हमखास बसलेले असतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नसतं. एमएस-सीआयटीचे क्लास घेत, तेव्हा लागलेलं 'सर' क्लास बंद पडल्यावरही सुटलेलं नसतं.

सरांचं दुःख मोठं. आपल्या भागातून सगळं जातं. येत काही नाही. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतात. नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस आसनगावला ढुंकूनही बघत नाहीत. मुरबाडची रेल्वे तर कल्याणहून कधीची निघालीय म्हणे. उरली ईमेल. ती तरी आल्या सेकंदाला कळलीच पाहिजे, असा सरांनी चंग बांधला.

"सर, मोबाइलवर वाजतं की!" असं कुणी म्हटलं, की सर चष्मा कपाळावर चढवतात. "मोबाइल बॅटरी वाचवायला झोपा काढतो. आपलं यंत्र झोपणार नाही."

यंत्र म्हणजे जुना रास्पबेरी पाय, पायथॉनच्या चाळीसेक ओळी, एक रिले आणि भंगारातून उचललेली शाळेची इलेक्ट्रिक घंटा. घंटा सोडून सगळा संसार श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. सुरुवातीला ते दर मिनिटाला सर्व्हरला विचारायचं, "आलं का?" सर्व्हर म्हणायचा, "नाही." मग सरांना आयमॅपमधली 'आयडल' ही सोय सापडली. ती १९९७ पासून आहे. आपण एकदा जोडणी करून गप्प बसायचं. मेल आली की सर्व्हरच हाक मारतो. मात्र अर्धा तास नुसतंच गप्प राहिलं, तर तो जोडणी तोडू शकतो. म्हणून २९ मिनिटांच्या आत 'मी आहे हं' असं पुन्हा कळवायचं.

चहा ठेवता ठेवता वहिनींनी हे ऐकलं. म्हणाल्या, "त्याला अर्ध्या अर्ध्या तासाने कळवता. जेवायला येणार की नाही, हे मला दिवसातून एकदा कळवलंत तरी पुष्कळ झालं."

पहिल्यांदा घंटा घणघणली तेव्हा सगळी आळी जमली. मेल होती 'तुमचं पर्सनल लोन मंजूर!' पाठोपाठ दुसरी, 'फक्त आजच, ६० टक्के सूट.' रात्री दोनला वाजली, तेव्हा आळीची भाषा बदलली. सरांनी मग चाळणी लावली. घंटा वाजेल ती फक्त महत्त्वाच्या मेलला! तेव्हापासून घंटा वाजेचना. सरांनी रिले बदलला, वायरी तपासल्या, शेवटी स्वतःच स्वतःला 'टेस्ट' पाठवली. खणखणीत वाजली. यंत्र निर्दोष सुटलं.

अखेर म्हशाकडचा एक पोरगा कामी आला. मुरबाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत मुलाखत देऊन बिचारा उत्तराची वाट बघत होता. सरांनी त्याचंही खातं डब्याला जोडलं. एका भरदुपारी घंटा वाजली. पोरगा अर्धा वडापाव टाकून धावत आला. मेल उघडली. नकार होता, खेदासह.

पोराचं तोंड उतरलं. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "ते सोड रे. हे बघ. निघाली बारा दोनला आणि वाजली बारा दोनला!"