आधी माणूस, मग हवा
केसांना लावायचं तेही कंडिशनर आणि भिंतीवर टांगायचं तेही कंडिशनर, याचं आपल्याला काही वाटेनासं झालं आहे. मुळात ही भानगड सुताची. गिरणीत सुताला ओलावा देऊन कामाजोगं करत, त्याला कंडिशनिंग म्हणत. त्यावरूनच 1906 साली स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकी गिरणी अभियंत्याने ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द काढला. 1902 मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्र आखलं, तेही दमट हवेत कागद फुगून छपाईचे रंग सरकत म्हणून. सोय पाहिली ती मालाची. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचं कंडिशनिंग निराळं. आपली मानसशास्त्राची पुस्तकं त्याला ‘अभिसंधान’ म्हणतात. त्यात हवा आहे तशीच राहते, बदलतो तो प्राणी. पश्चिम रेल्वेने वर्षानुवर्षं हीच जात वापरली, कारण तिला वीज लागत नाही.

मुंबईच्या लोकलने जाणारा भाईंदरचा प्रवासी हा या प्रयोगाचा उत्तम नमुना. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, अर्धा अधांतरी. बाकीचे तिघे मोबाइलवरून नजरही न काढता चार बोटं सरकतात. विरारहूनच भरून येणाऱ्या सकाळच्या विरार फास्टमध्ये भाईंदरकराने चढू नये, हा नियम कुठल्याच फलकावर नाही, तरी तो रेल्वेच्या नियमांपेक्षा काटेकोरपणे पाळला जातो. म्हणून भाईंदरहूनच सुटणारी गाडी म्हणजे घरची गाडी. नोव्हेंबर 2024 मध्ये अशा गाड्यांतली सकाळची 8.24 रेल्वेने वातानुकूलित केली, तेव्हा इतकी वर्षं मुकाट सरकणारी माणसं फलाटावर घोषणा देऊ लागली. प्रयोगशाळेत गोंधळ उडाला.

आता कुणी म्हणेल, गारवा नको म्हणणारे करंटेच! शिवाय मे 2022 पासून सुट्या तिकिटाचं भाडं निम्म्यावर आणलंय, दारंही बंद होतात, म्हणजे लटकून जीव जायची भीती नाही. हे खरंच आहे, आणि शेवटचा मुद्दा तर हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण गाडी वाढवली नाही, बदलली. साधा पास गार गाडीत चालत नाही, म्हणजे साध्या पासवाल्याची 8.24 गेली ती गेलीच. रुळांवर जागा नाही, असं यावर उत्तर येतं. तेही मान्य. मग जागा नाही तिथे कुणी सरकायचं, हे दर वेळी आधीच ठरलेलं कसं असतं? वातानुकूलित म्हणजे हवा अनुकूल करून घेतलेली. इथे अनुकूल करून घेतला तो दुसऱ्या वर्गाचा पासधारक. रेल्वेने गार गाड्या जरूर सोडाव्यात, पण त्या वेगळ्या वेळेला, 8.24 ज्यांची होती त्यांना परत द्यावी.