स्टँडसह सायकल मिळवण्याची शास्त्रोक्त पद्धती

प्रस्तुत प्रकरणाचा विषय उभी राहणारी सायकल हा असून, ती पुण्यासारख्या, एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या शहरातील दुकानातून कशी मिळवावी याचे मार्गदर्शन येथे केले आहे. विषय किरकोळ आहे असा समज होण्याचा संभव आहे. तथापि स्कूटर घेणाऱ्या ग्राहकाला ‘स्टँड वेगळा घ्यावा लागेल’ असे सांगणारा विक्रेता अद्याप जन्माला आलेला नाही आणि सायकल घेणाऱ्याला तसे सांगणारा मात्र कोणत्याही मोठ्या रस्त्यावर भेटतो, एवढी एक विसंगतीसुद्धा स्वतंत्र प्रकरणास पुरेशी आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. सायकल चालत असताना तोल सांभाळते आणि थांबली की पडते. या दुसऱ्या अवस्थेवरील उपाय म्हणजे स्टँड. त्याचे मुख्य प्रकार दोन. साइड स्टँड हा डाव्या बाजूचा एकच पाय असतो. तो टेकवला की पुढचे चाक, मागचे चाक आणि स्टँडचे टोक या तीन बिंदूंचा जमिनीवर एक त्रिकोण तयार होतो, आणि सायकलीच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला लंब जोवर या त्रिकोणात पडतो तोवर सायकल उभी राहते. शाळेत भौतिकशास्त्राचा हा भाग ऑप्शनला टाकलेल्या व्यक्तीलाही कॅरिअरवर दहा किलो गहू ठेवताक्षणी तो पूर्णपणे समजतो. दुसरा प्रकार डबल स्टँड. वाकवलेल्या लोखंडी सळईची ही चौकट मागच्या चाकाच्या धुरीवर बसवलेली असते. ती पायाने खाली दाबून धरायची आणि कॅरिअरला हात घालून सायकल मागे खेचायची, की मागचे चाक जमिनीपासून दोन बोटे उचलले जाते आणि सायकल सरळ, न कलता, उभी राहते.

आता व्यवहारोपयोगी सायकल म्हणजे काय, हेही ठरवून घेतले पाहिजे. या संज्ञेच्या अनेक व्याख्या संभवत असल्या तरी, जी चालवण्यासाठी वेगळे कपडे घालावे लागत नाहीत ती व्यवहारोपयोगी सायकल, ही व्याख्या येथे ग्राह्य मानली आहे. या एका अटीतून बाकीचे सर्व भाग ओघानेच येतात. पँटच्या पायाला किंवा साडीच्या निऱ्यांना चेनचे काळे वंगण लागू नये म्हणून चेनकव्हर हवे. जून ते सप्टेंबर या काळात पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटू नये म्हणून मडगार्ड हवे. पिशवी पाठीवर घेऊन शर्ट घामाने भिजू नये म्हणून कॅरिअर हवे. आणि भाजीवाल्यासमोर एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने मेथीची जुडी उलटसुलट करून पाहण्याची वेळ येऊ नये म्हणून स्टँड हवा.

अशी सायकल भारतात अज्ञात होती असे मुळीच नाही. १९४९ साली मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियानाला हिरो सायकल्स हे उद्योग उभे राहिले, आणि त्यांनी देशाला जी काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची आणि स्प्रिंगच्या सीटची सायकल पुरवली, तिला व्यापारात आजही ‘स्टँडर्ड’ म्हणतात. तिचे वजन वीस किलोच्या आसपास असे, तिला गिअर नसे आणि ती चढावर चालवणाऱ्याच्या चारित्र्याची परीक्षा घेई, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्टँड, कॅरिअर, मडगार्ड आणि चेनकव्हर हे सारे तिच्या अंगचेच असे. तिला स्टँड आहे का असे त्या काळी विचारणे म्हणजे हॉटेलात पाणी मिळेल का असे विचारण्यासारखे होते. त्या काळात सायकल हे वाहन समजले जात असल्याने तिला वाहनाचे भोगही चुकले नव्हते. अनेक नगरपालिका तिच्यावर कर घेऊन बिल्ला देत, आणि रात्री दिव्यावाचून किंवा डबलसीट निघालेल्यास चौकातला पोलीस हवा सोडून देण्याची धमकी देई. पुढे १९७२ साली कायनेटिकची लूना आली, मग स्कूटर परवडू लागली, आणि सायकल करातून व पोलिसाच्या नजरेतून एकाच वेळी मुक्त झाली. ॲटलस कंपनीने साहिबाबाद येथील आपला कारखाना बंद केला तो दिवस ३ जून २०२० हा होता. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केलेला दिवसही तोच.

डबल स्टँडविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आधुनिक दुकानदार ज्याला निरुपयोगी लोखंड समजतो त्यावर काही धंदे अक्षरशः उभे आहेत. गल्लीत हाळी देत येणारा धारवाला सायकल स्टँडवर लावतो, अधांतरी झालेल्या मागच्या चाकावरून घेतलेला पट्टा दांडीवर बसवलेल्या धारेच्या दगडाला जोडतो, आणि पायडल मारू लागला की जागच्या जागी एक कारखाना सुरू होतो. ठिणग्या उडतात, विळीचे पाते पालटते आणि सायकल एक इंचही पुढे सरकत नाही. साइड स्टँडवर हे होणे नाही, कारण त्यात चाक जमिनीलाच टेकलेले असते. गोव्यात सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत येणारा पोदेर कॅरिअरवर पावांची भलीमोठी टोपली बांधतो. त्यामुळे गुरुत्वमध्य इतका वर जातो की एकपायी स्टँडच्या भरवशावर ती सायकल सोडणे म्हणजे उंडे व पोळ्या अंगणातल्या कोंबड्यांना अर्पण करणे होय. मुंबईचा डबेवाला हँडलला आणि कॅरिअरला डबे लटकवून इमारतीत शिरतो, तेव्हा खाली सायकल एकटी उभी असते आणि तिच्यावर दुसऱ्या इमारतींची जेवणे असतात. या तिन्ही व्यावसायिकांना वजनाने हलक्या सायकलीची शिफारस अद्याप कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर ग्राहकाने दुकानात प्रवेश करावा. दुकान शक्यतो काचेचे नसावे. काचेच्या दुकानात सायकली भिंतीवर टांगलेल्या, पुढचे चाक खाचेत अडकवलेल्या किंवा मागच्या चाकाला आधाराची चौकट लावलेल्या असतात. म्हणजे दुकानाला स्वतःला स्टँडची गरज पूर्णपणे पटलेली असते, फक्त तो सायकलीबरोबर घरी पाठवण्याची गरज पटलेली नसते. आत गेल्यावर विक्रेता प्रथम ‘कोणासाठी पाहिजे?’ असे विचारतो. या प्रश्नास गांभीर्याने घ्यावे, कारण उत्तरावर पुढील सर्व संभाषण अवलंबून असते. मुलासाठी म्हटल्यास जाड टायरची, शॉकअपची आणि भडक रंगांची सायकल पुढे येते. व्यायामासाठी म्हटल्यास ‘हायब्रीड’, म्हणजे रस्त्याची आणि डोंगरातली अशा दोन जातींचा संकर असलेली सायकल दाखवली जाते. आणि ग्राहकाने स्वतःसाठी, बाजारहाटासाठी, बँकेत आणि पोस्टात जाण्यासाठी असे उत्तर दिल्यास क्षणभर शांतता पसरते.

या शांततेनंतर ग्राहकाने नम्रपणे स्टँडचा विषय काढावा. मिळणारी उत्तरे ठरावीक असून त्यांचा अर्थ लावणे हे साधना मागणारे काम आहे. ‘साहेब, ह्याला स्टँड येत नाही’ याचा अर्थ दुकानात स्टँड शिल्लक नाही असा घ्यावा. ‘लुक जातो’ याचा अर्थ विक्रेता ती सायकल स्वतः चालवत नाही असा होतो. ‘वजन वाढतं’ हे उत्तर मात्र शास्त्रीय असल्याने त्याचा शास्त्रीय परामर्श घ्यावा लागतो. व्यावसायिक शर्यतींतील सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाचा नियम आहे. याचा अर्थ जगातील अत्यंत वेगवान स्वारांनाही वजन एका मर्यादेपलीकडे घटवण्याची मुभा नाही. ज्या गृहस्थाच्या पिशवीत जेवणाचा डबा, लॅपटॉप, रेनकोट आणि परतीच्या वाटेवर घ्यावयाचे दोन नारळ आहेत, त्याचा वेग सुमारे अर्ध्या किलोच्या स्टँडमुळे खुंटेल हा सिद्धान्त त्या गृहस्थाच्या पोटाकडे एकवार पाहून मांडला गेला असता तर अधिक काटेकोर झाला असता.

ग्राहक तरीही अडून बसल्यास विक्रेता आवाज किंचित खाली आणून विचारतो, ‘वॉचमनसाठी पाहिजे का?’ सर्व प्रकरणाचे मर्म या प्रश्नात आहे. दुकानाच्या लेखी सायकलस्वारांच्या जाती दोनच: एक, ज्याला दुसरे काही परवडत नाही म्हणून जो सायकल चालवतो, आणि दोन, ज्याला सर्व काही परवडते म्हणून जो रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल चालवतो. पहिल्यासाठी स्टँड, कॅरिअर, मडगार्ड आहेत पण गिअर आणि बरे ब्रेक नाहीत. दुसऱ्यासाठी गिअर आणि डिस्कब्रेक आहेत पण कॅरिअर म्हटले की नाक मुरडले जाते. परवडत असूनही सायकलने दळण आणायला जाणारा मनुष्य या वर्गीकरणात कोठेच बसत नाही. व्यापाऱ्याला यात फारसा दोष देता येत नाही, कारण गोदामात कोणता माल भरायचा हे तो गिऱ्हाइकाच्या ऐपतीवरून ठरवतो, गरजेवरून नव्हे. अलीकडे काही कंपन्यांनी ‘सिटी’ या नावाने कॅरिअर-मडगार्डसह सायकली काढल्या आहेत खऱ्या, पण त्या दुकानात पाहायला मागितल्यास बहुधा ‘मागवून देऊ’ असे आश्वासन मिळते.

संपूर्ण साज असलेली नवी सायकल मिळवण्याचा एक राजमार्ग उपलब्ध आहे, पण त्यासाठी पात्रता लागते. बिहार सरकारने २००६ पासून शाळकरी मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. पश्चिम बंगाल आणि तामिळनाडू ही राज्ये विद्यार्थ्यांसाठी सायकली घाऊक खरेदी करतात. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळण्याची सोय आहे. या मुलींना गावाबाहेरच्या शाळेत दप्तर घेऊन, पावसातून, रोज जायचे असल्यामुळे त्यांच्या सायकलीला कॅरिअर, मडगार्ड आणि स्टँड असावा याविषयी कोणत्याही सरकारी कचेरीला लुकची चिंता पडलेली नाही. पेन्शनीत निघालेल्या पुणेकराने या मार्गाचा अवलंब करण्यासाठी कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या इयत्तेत प्रवेश घ्यावा, हा प्रश्न प्रस्तुत ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा आहे. परदेशी जाणे हा दुसरा मार्ग. नेदरलँड्समध्ये आणि जपानमध्ये स्टँड, मडगार्ड, दिवा व कुलूप असलेली सायकल हीच साधी सायकल समजली जाते, आणि जपानी गृहिणींची बास्केटवाली, दोन पायांच्या स्टँडवर उभी राहणारी सायकल तर घरगुती सामानाच्या दुकानातही मिळते.

ज्यांना हे दोन्ही मार्ग बंद आहेत त्यांनी बिनस्टँडची सायकल घेऊन पेठेतल्या जुन्या सायकल मार्टकडे वळावे. येथे स्टँड खिळ्याला टांगलेले असतात आणि ‘लुक’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. स्टँड बसवण्याच्या जागा दोन: पायडलच्या धुरीच्या लगेच मागे, जेथून दोन नळ्या मागच्या चाकाकडे जातात त्यांच्या मधोमध, किंवा मागच्या चाकाच्या धुरीजवळ डाव्या नळीवर. पहिल्या जागी तो दोन पट्ट्यांत नळ्या आवळून बोल्टने कसला जातो. ॲल्युमिनियमची नळी पातळ असल्याने कारागिराने पान्याला जादा पीळ दिला तर ती चेपते. म्हणून जाणता कारागीर मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालतो, आणि कार्बनच्या फ्रेमला हात लावायचे टाळतो. दुसऱ्या जागी मागचा डिस्कब्रेक आडवा येऊ शकतो. मधोमध बसवलेल्या स्टँडचा आणखी एक स्वभाव ध्यानी ठेवावा: तो खाली असताना सायकल मागे ढकलली की पायडल उलटे फिरते आणि त्याची दांडी खाडकन स्टँडवर आदळते.

लांबीचा प्रश्न यानंतर येतो. स्टँड आखूड झाला तर सायकल डावीकडे झोपते. लांब झाला तर ती ताठ उभी राहते आणि शेजारच्या स्कूटरवाल्याने आरसा नीट केला एवढ्या निमित्ताने उजवीकडे कोसळते. काही स्टँडांचा पाय कमी-जास्त करता येतो, इतरांचा हॅक्सॉने कापावा लागतो, आणि कापलेला पाय परत वाढत नसल्यामुळे टायरमध्ये पूर्ण हवा भरून, कॅरिअरवर नेहमीचे ओझे ठेवून मगच खूण करावी. उभी करताना सायकलीचे तोंड चढाकडे असावे. उताराकडे असल्यास ती पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मागे दुमडतो. पुढच्या बास्केटमध्ये वजन असेल तर हँडल वळून सायकल पडते, त्यावर पुढचा ब्रेक दाबून तो रबरबँडने मुठीला बांधून ठेवणे हा रास्त उपाय आहे. डांबरी रस्ता मे महिन्यात मऊ होतो आणि स्टँडचे टोक त्यात रुतते, तेव्हा खाली नारळाच्या करवंटीचा तुकडा किंवा बाटलीचे झाकण ठेवावे.

शेवटी पावती तपासावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिचे सुटे भाग या दोहोंवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे सायकल आणि तिचा स्टँड यांत सरकार भेद करत नाही. दुकानाच्या पावतीवर मात्र स्टँड, मडगार्ड, कॅरिअर, घंटी आणि कुलूप यांची नोंद ‘ॲक्सेसरीज’ या एका ओळीत होते, आणि त्या ओळीपुढे ‘नो वॉरंटी’ असा शिक्का असतो.