पाठीमागे मठाधिपती, तोंडावर काका

मालाड पश्चिमेला लिबर्टी गार्डनच्या आसपास, लिफ्ट नसलेल्या आणि गच्चीवर पत्रे घातलेल्या कुठल्याही चार मजली सोसायटीत हा गृहस्थ सापडतो. बँकेतून नाहीतर रेल्वेतून निवृत्त, अंगात बिनबाह्यांचा बनियन, हातात किल्ल्यांचा जुडगा. हुद्दा मानद सेक्रेटरी. मानद म्हणजे पैसे मिळत नाहीत. मान मिळतो असंही नाही. आमच्याकडे त्यांना तोंडावर काका म्हणतात, पाठीमागे मठाधिपती.

आणि मठाधिपतीच ते. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. मध्ययुगात युरोपातले असंख्य मठ तिच्यावर चालले. तिच्यात मठप्रमुखाचं काम सांगितलंय: त्याला निवडायचं मठवासीयांनीच, महत्त्वाच्या प्रश्नावर त्याने सगळ्यांना बोलवायचं, अगदी धाकट्याचंही ऐकून घ्यायचं आणि मग निर्णय मात्र स्वतःच घ्यायचा. काकांनी यातलं अक्षर वाचलेलं नाही. पण ३० सप्टेंबरच्या आत उरकायची वार्षिक सभा ते तंतोतंत अशीच चालवतात. प्रत्येकाला "तुमचा मुद्दा रास्त आहे, नोंद घेतो" म्हणतात, आणि इतिवृत्तात येतं ते आदल्या रात्री त्यांनी लिहून ठेवलेलं.

फरक पडतो तो वेळेत. बेनेडिक्टच्या मठात प्रार्थनेला उशीर झाला की सगळ्यांना दिसेल अशा वेगळ्या जागी उभं राहावं लागे. आमच्याकडे कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्यानंतर कोरम लागतच नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे सगळे अर्ध्या तासाने, समोसे आल्यावर येतात. काका तेवढे वेळेवर उभे राहतात आणि रिकाम्या खुर्च्यांना खणखणीत आवाजात सांगतात, "कोरमअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे." वॉचमन मान डोलावतो.

त्यांच्या सत्तेचं मूळ मात्र सभेत नाही, पंपाच्या खोलीत आहे. ए विंगच्या व्हॉल्व्हच्या चाकाला लाल सुतळी बांधलेली आहे. ती भिंतीकडे वळली की ए विंगचं पाणी चालू, दाराकडे वळली की बंद, आणि अधल्यामधल्या स्थितींचा अर्थ फक्त काकांना कळतो. थकबाकीवर जास्तीत जास्त किती व्याज लावता येतं, हे उपविधी सांगतात. सुतळीबद्दल उपविधीत काही नाही. थकबाकीदाराच्या विंगेतली धार बारीक झाली तर काका आभाळाकडे बघतात. "प्रेशरच नाही हो. पालिकेला विचारा."

माणसागणिक भाषा बदलणं हाही मठप्रमुखाचा गुण. बेनेडिक्टलाही तो हवाच होता, कुणाला दटावून, कुणाला गोंजारून. काका तिसऱ्या मजल्यावरच्या भाईंशी गुजरातीत हिशेब करतात, तळमजल्यावरच्या भाडेकरू पोरांना हिंदीत झापतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ओर्लेम चर्चवाल्या आंटींपुढे इंग्रजीत शरण जातात. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर आडव्या लावलेल्या गाड्या काढायला सगळ्यांत आधी खाली उतरणारेही काकाच. तेव्हा कुणाची थकबाकी किती, हे ते बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलतात.

एकदा सोसायटीची सहल कान्हेरीच्या लेण्यांना गेली. बाकीचे बुद्धमूर्तीपुढे सेल्फी काढत होते, काका पाण्याच्या टाक्यांवर ओणवे. खडकातल्या पन्हळींवरून बोट फिरवून म्हणाले, "ढाळ बघा काय दिलाय! नाहीतर आपला प्लंबर." तिथल्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावं आहेत, कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. काहींनी अक्षयनीवी दिली, म्हणजे मुद्दलाला हात न लावता नुसत्या व्याजावर विहाराचा खर्च भागवायचा. हे ऐकून काकांचा गळा दाटून आला. "सिंकिंग फंड!" ते म्हणाले. "आणि आपले लोक त्याच्यातून टाइल्स बदला म्हणतात."

दरवर्षी ते राजीनामा देतात. सभेत शांतता पसरते, कारण राजीनामा मंजूर झाला तर किल्ल्या कुणी घ्यायच्या? मग भाई म्हणतात, "काका, तुमच्याशिवाय कोण?" आणि काका अनिच्छेने, म्हणजे खिशातून आधीच भरलेला फॉर्म काढून, बिनविरोध निवडून येतात.

बेनेडिक्टची हकिकत मी त्यांना परवा जिन्यात सांगितली. सगळ्यांचं ऐकून स्वतः ठरवायचं, हे त्यांना फार पटलं. पण मठवासीयांनी संगनमताने भलताच माणूस निवडला, तर त्या भागाच्या बिशपने किंवा आसपासच्या मठप्रमुखांनी मध्ये पडून तो हटवावा अशीही सोय होती, म्हटल्यावर त्यांनी कठडा धरला.

"म्हणजे उपनिबंधक प्रशासक नेमतो, तसंच की!"

"तसंच."

काका दोन पायऱ्या उतरले, थांबले.

"बाकी ठीक आहे. त्या मठप्रमुखाला मेंटेनन्स माफ होता का, तेवढं बघून सांगा."