डांबररावांस अनावृत पत्र

श्री. डांबरराव,
मुक्काम जालना रस्ता, देऊळगाव राजा.

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो. पण मे महिन्यात दुपारी दोनला तुमच्या अंगावर आठही अंगं टेकवायची, म्हणजे नमस्कारापाठोपाठ बर्नॉलच. तेव्हा उभ्यानं, तेही चपलेसकट, रामराम.

तुमच्या कर्तबगारीला तोड नाही. नवेकोरे असता तेव्हा अंगावर पडलेल्या उन्हातला शंभरात जेमतेम पाच भाग परत करता, बाकीचं गिळता. कर्जबुडव्यांनी तुमच्याकडे शिकवणी लावावी! दिवसभर ऊन पोटात डांबून ठेवायचं आणि रात्री आम्ही गच्चीवर अंथरूण टाकलं की सावकाश सोडायचं. डांबरट म्हणजे काय, हे पोरांना शिकवायला शब्दकोश लागत नाही. घराणंही थोर. भाऊबंद पेट्रोल-डिझेल जळून जग तापवतात; तुम्ही त्याच कच्च्या तेलाचा तळचा गाळ, न जळताच तापवता.

आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळीनं तापावं, कापूस पिकवावा. पांढरीवर माणसांनी राहावं. धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायचे. ती टाकायचे गळू नये म्हणून, पण ऊनही आल्यापावली परत जायचं. तुम्ही आलात आणि पांढरीचीच काळी केलीत. तीही नापीक.

2009 साली कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ हाशेम अकबरी यांनी सहकाऱ्यांसह हिशेब मांडला. जगभरच्या शहरांतली छपरं आणि रस्ते उजळ करून ऊन परतवणं शंभरात दहानं वाढवलं, तर 44 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडची धग खोडून निघते. थोडक्यात, तुम्हाला चुना लावायचा. आजवर तुमच्या नावानं तो आम्हालाच लागत आला; बदल म्हणून बरं वाटेल.

मात्र अमेरिकेतल्या फिनिक्स शहरानं 2020 पासून रस्त्यांना उजळ राखाडी लेप दिला, तेव्हा गंमत झाली. दुपारी रस्ता सुमारे 6 अंशांनी थंड निघाला, पण उलटून आलेलं ऊन चालणाऱ्याच्या अंगावर पडलं आणि भर दुपारी त्याला 3 अंश जास्तच भाजलं. हसलात ना गालात? हसू नका. लेप गच्चीवर शोभेल. रस्त्यावर कडुनिंबच हवा. आणि रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड कुणावर पडते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

आश्विनात बालाजीची यात्रा भरेल. नवसाची माणसं अनवाणी येतील आणि ऑक्टोबरचं ऊन तुम्ही नेहमीप्रमाणे गिळून बसाल. कडेला चार हात मुरूम तेवढा मोकळा सोडा. रोपं आणायचं आणि पाणी घालायचं आम्ही बघतो.

आपला,
चप्पल चिकटलेला एक वाटसरू