पोराला आलं रेडिओचं बिल

गल्लीत बातमी फुटली ती अशी, की शेजारच्या काकूंच्या पोराला जर्मनीत रेडिओ ऐकल्यापायी दंड झाला. नळावर तो नुसता दंड होता, किराणा दुकानापर्यंत जाता जाता त्याची पोलीस केस झाली. आमच्या हिंगोलीत बातमीला पाय नाही, मोटारसायकल असते. खरं काय ते काकूंनाच विचारावं म्हणून कंपाउंडच्या भिंतीशी गेले. काकू पलीकडं बाजेवर कुरडया घालत होत्या.

"काकू, काय ऐकायलोत आम्ही पोराचं?"

"दंड कशाचा ओ बाई! बिल आलंय, बिल. रेडिओ-टीव्हीचं. खोलीत ना रेडिओ ना टीव्ही, तरी म्हणायलेत भर."

पोरगं श्टुटगार्टला मोटारींचे पार्ट करणाऱ्या कंपनीत लागलंय. जर्मनीत घर घेतलं की घरामागे महिन्याला 18.36 युरो द्यावेच लागतात. तुमच्याकडं सेट असो नसो, तुम्ही ऐका नाही तर कानात बोळे घाला, ते कुणी विचारत नाही. त्या पैशावर तिथली सार्वजनिक रेडिओ-टीव्ही केंद्रं चालतात. आपल्या हिशेबानं अठराशेच्या वर रुपये झाले.

इतक्यात ओट्यावरून काका बोलले. "त्यात नवल काय? आपल्याकडं नव्हतं का लायसन? पोस्टात वर्षाचे पंधरा रुपये भरायचे, तिकिटं लावलेलं बुक सांभाळायचं. आपल्याकडं ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. तिकडं चालू ठेवलं, एवढंच."

"तुम्ही गप बसा. पंधरा रुपये आन अठराशे एकच हाय का?" काकूंनी सोऱ्या तसाच हातात धरून त्यांना गप्प केलं आणि माझ्याकडं वळल्या. "मी पोराला सांगितलं, भरायलाच लागतंय ना? मग ऐक की! फुकट कामून घालवायलास?"

या एका वाक्यासाठी मी काकूंना मानते. परदेशात गेलेल्या आपल्या पोरांचं कानाचं दुखणं नेमकं इथं असतं. तिकडचं काही ऐकायचं नाही आणि इकडचं सोडवत नाही. हे पोरगं वर्षभर फोनवर आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' ॲप लावून बसायचं. आता वेळेचं गणित बघा. संभाजीनगर केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सकाळी 7.10 ला. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागं, म्हणजे तिकडं रात्रीचे 2.40. पोरगं मराठवाड्यातल्या पावसापाण्याच्या बातम्यांसाठी मध्यरात्री जागं, आणि सकाळी मशीनवर पेंगतंय. काका परभणी केंद्र अजून जुन्या सेटवर, 1305 किलोहर्ट्झवर लावतात, कानाशी धरून, खरखरीसकट. ते लाड इथंच चालतात.

बिल भरायला लागल्यावर मात्र त्यानं छोटा डिजिटल सेट आणला. एसडब्ल्यूआर हे त्या भागाचं सार्वजनिक प्रसारण, श्टुटगार्टातच त्याचं मोठं केंद्र. त्यांचा 'एसडब्ल्यूआर कल्चर' नावाचा चॅनल आहे (जर्मनमध्ये कुल्टुर म्हणतात म्हणे), त्यावर जाहिराती नाहीत, सनई-चौघड्यासारखा सकाळी सकाळी वाद्यांचा मेळ. "भाषा कळत नाही, पण निवेदकाचा आवाज लई शांत हाय म्हणतोय," काकू सांगत होत्या. अमीन सयानींच्या आवाजावर वाढलेल्या बाईला यातलं मर्म बरोब्बर कळतं. आधी आवाज ओळखीचा होतो, गाणं मागून.

मी त्यांना फोनवर 'रेडिओ गार्डन' उघडून दिलं. पृथ्वीचा गोळा येतो, त्यावर हिरवे ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथलं स्टेशन वाजतं. काकूंचं बोट चिकाचं. पहिल्यांदा समुद्रातच पडलं, मग आफ्रिकेत. शेवटी काचेवर चिकाचा डाग पाडत श्टुटगार्ट सापडलं. व्हायोलिन वाजत होतं. काकूंनी जरा कान दिला आणि म्हणाल्या, "पोरगं हेच ऐकत आसंल का आत्ता?" मी म्हटलं, आत्ता ड्यूटीवर असेल. त्यांनी फोन पुसून परत दिला.

माझी भाची न्यू जर्सीला. तिला तिथं कुणीतरी शहाणपणाचं सांगितलं होतं: अमेरिकेत एफएमच्या काट्याचा डावा कोपरा, 88 ते 92, बिगरधंदेवाईक केंद्रांसाठी राखून ठेवलाय, आधी तिथं शोध. तिला नेवार्कचं 88.3, डब्ल्यूबीजीओ सापडलं, दिवसभर जॅझ. आता ती जॅझवर आम्हाला लेक्चर देते. असो.

"पण समोर बसून ऐकायचं काय?" मी विचारलं. "मराठी मंडळ आसंल ना तिकडं?"

"हाय की. गणपती, दिवाळी, कोजागरी. पोरगं म्हणतंय, कराओके लावतेत, गाणाऱ्यापेक्षा शूटिंग काढणारे जास्ती." मंडळांना नावं ठेवायची नाहीत, परक्या मुलखात हॉल मिळवून शंभर माणसांचा मसालेभात करणं सोपं नाही. पण गाणं वर्षातून तीन-चार वेळा ऐकून भागत नाही. त्याला रोजचा नाही तरी आठवड्याचा रतीब लागतो.

तो रतीब पोराला सापडला चर्चमध्ये. इथं काकूंनी आवाज एकदम खाली आणला. "शुक्रवारी संध्याकाळी जायलाय. कुणाला बोलू नका, लगेच म्हणतील पोरगं बाटलं." श्टुटगार्टच्या मध्यावर श्टिफ्ट्सकिर्शे नावाचं जुनं चर्च आहे. तिथं शुक्रवारी सातला चर्चसंगीताचा तास असतो: ऑर्गन, समूहगान, बाख. तिकडं गावोगावच्या अशा गायनमंडळांत पगारी गवई थोडे. शिक्षक, नर्स, बँकवाले आपलं काम आटपून तालमीला जातात. आपल्या एकादशीच्या भजनी मंडळाहून यात वेगळं काय, ते मला कुणी सांगावं.

"आन अजून एक," काकूंनी बाज सोडली आणि भिंतीला टेकल्या. काकूंचं माहेर नर्सी, कयाधूकाठचं. परतवारीला दिंड्या येतात, तेव्हा सगळा माहेरवाडा पाहुण्यांना भाकरी थापत बसतो. "पोरगं एका रविवारी फ्रँकफुर्टच्या गुरुद्वाऱ्यात गेलं, कुण्या पंजाबी दोस्ताबरोबर. पेटी, तबला, कीर्तन चालू. भाषा अर्धी कळंना. आन मधीच आलं, नामदेव! फोन केला मला तिथूनच. म्हणे, आई, तुझ्या गावचा माणूस इथं हाय."

काका ओट्यावरून उठून भिंतीशी आले. त्यांनी नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात नामदेवांचं नाव कितीदा ऐकलेलं, पण पोराच्या तोंडून ऐकलं ते निराळं. नामदेव महाराज मूळचे नर्सीचे, इथून निघून पंजाबात घुमानला कितीतरी वर्षं राहिले; 2015 ला मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं ते त्याच कारणानं. तेव्हा ना मंडळ होतं ना कराओके. ते तिकडच्या भाषेत गायले आणि तिकडच्यांनी ते जपून ठेवलं.

"म्हणजे परदेशी जाऊन गाणं कसं शोधावं, हे नर्सीवाल्यानंच दाखवलं की," मी म्हटलं.

"त्यांनी शोधलं नाही बाई, त्यांनी गायलं," काका म्हणाले. काका फार बोलत नाहीत, बोलले की असं.

तेव्हा ज्यांची पोरं यंदा बाहेरदेशी निघालीत त्यांना एवढंच सांगणं: पोराला म्हणावं, तिथलं सार्वजनिक रेडिओ केंद्र पहिल्या आठवड्यात शोध आणि रविवारी जवळचा गुरुद्वारा विचार. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. ती ऐकायला तिकीट नाही, आणि वर लंगरचं जेवण.