साखरेची हद्दपारी

साखरेस घरातून हद्दपार करण्याचे फर्मान ज्या सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे सुटले आहे, तेथे उन्हाळा लागताच बर्फाचा चहा सिद्ध करण्याचा समारंभ होतो आणि साखरेच्या रिक्त गादीवर मधाची किंवा कोल्हापुरी गुळाची यथाविधी स्थापना करण्यात येते. साखर आणि गूळ ही एकाच उसाची सख्खी भावंडे असून, एक कारखान्यात व दुसरे गुऱ्हाळात वाढले एवढ्याच कारणास्तव एकाला तडीपारी आणि दुसऱ्याला जहागीर मिळावी, हा न्याय कोणत्या दप्तरी नमूद आहे कोण जाणे! मधाच्या १०० ग्रॅमांत सुमारे ८० ग्रॅम शर्कराच असते. परंतु मधमाशी जामीन राहिल्यामुळे तिची चौकशी होत नाही.

द्रव्यांना मात्र या तत्त्वज्ञानाची खबर नसते. बर्फ पडलेल्या चहात सोडलेला मध सरळ तळाशी उतरून तेथेच ठाण मांडतो, आणि ढवळू जावे तर चमच्यालाच बिलगतो. गुळाचा खडा अर्धवट विरतो व त्यातील रेव शेवटच्या घोटाबरोबर पाहुण्याच्या दाताखाली कचकन येते. चहा ऊन असतानाच गोडी विरघळवून, मग गाळून निववावा, ही साधी गोष्ट. पण ती सांगणाऱ्यास यजमान अरसिक समजतात. १८७९ साली छापलेल्या 'हाऊसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया' या अमेरिकन पाकपुस्तकात तर बर्फाच्या प्रत्येक पेल्यात दोन चमचे साखर घालण्याची आज्ञा, कसलाही खुलासा न देता, केलेली आहे. शीतकपाटात ठेवलेला कडक चहा गढूळ होतो, तेव्हा आमचे यजमान तो गढूळपणाही नैसर्गिकच असल्याचे सांगून पेला पुढे करतात, आणि दुर्दैवाने तेवढे विधान अक्षरशः खरे असते.