तारखेचा शिक्का

आपल्याला वाचक नाहीत हे बहुतेक लेखकांना कळत नाही, ही देवाची केवढी कृपा! प्रकाशक मोघम बोलतो, मित्र ‘वाचतोय, वाचतोय’ म्हणतात आणि लेखक सुखानं पुढचं पुस्तक लिहायला घेतो. माझं तसं नाही. मी तळवड्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे आणि फावल्या वेळात, म्हणजे कामाच्याच वेळात, विनोदी लिहितो. माझ्या पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद मीच डकवलाय. तो कोरा होता, हे मला रोज दिसायचं.

वाचनालय ‘ड’ वर्गातलं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानासाठी अ, ब, क, ड अशी प्रतवारी आहे. त्यातलं शेवटचं अक्षर आमचं. पगाराचा आकडा सांगत नाही, लेख विनोदी आहे. देहू इथून जवळच. गाथा तरली ती इंद्रायणी आमच्याच शिवारावरून पुढे जाते. आपलीही वही टाकून बघावी असं मनात आलं होतं, पण हल्ली नदीवर फेस एवढा, की तरली का बुडाली ते कळायचं नाही.

तशी आम्हा लिहित्या ग्रंथपालांची परंपरा थोर. १९५५ साली फिलिप लार्किन हल विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झाला आणि त्याच वर्षी बोर्हेस अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला. आपल्याकडे श्री. बा. जोशींनी कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरी करून ‘गंगाजळी’ लिहिली. ही नावं मी मुलाखतीसाठी पाठ करून ठेवलीत. मुलाखत घ्यायला अजून कोणी फिरकलेलं नाही.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. तिसऱ्यानुसार प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. शास्त्रच पाठीशी म्हटल्यावर मी हातपाय हलवले. ड्युई दशांश पद्धतीत मराठी विनोदाचा क्रमांक ८९१.४६७. आमच्याकडे ते कपाट खिडकीखाली कोपऱ्यात आहे. तिकडे फक्त मांजर जातं. तळवड्यात मागणी भरतीच्या पुस्तकांना. वर्कशॉपची पहिली पाळी सुटली की व्हीएमसी मशीन चालवणारी पोरं ऑइलचे हात धुऊन अभ्यासिकेत येऊन बसतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला तलाठी. एका संध्याकाळी मी माझं पुस्तक अंकगणित आणि चालू घडामोडी यांच्यामध्ये खोचून दिलं.

दुसऱ्याच दिवशी गेलं! पोरानं नाव बघितलंच नाही, गठ्ठ्याबरोबर उचललं. शाईचा पॅड वाळला होता. त्यावर पाण्याचे थेंब टाकून मी शिक्का असा हाणला की जांभळी तारीख मलपृष्ठावरही उमटली. घरी जाताना पेढे घेतले. बायकोनं विचारलं, ‘अनुदान आलं?’

आठवड्यात पुस्तक परत. पोरगं तोंडानं काही बोललं नाही, सूचनावहीत लिहून गेलं. ती वही महिन्याच्या बैठकीत कार्यवाह मोठ्यानं वाचतात. ‘नवीन पुस्तकात सरावप्रश्न नाहीत. शेवटी उत्तरे नाहीत. कोणत्या पदासाठी आहे ते समजले नाही.’

कार्यवाहांनी चष्मा काढला. ‘हे खरेदी कुणी केलं?’

‘भेट आलंय.’

‘कुणाकडून?’

‘लेखकाकडून.’

‘मग आभाराचं पत्र पाठवा. आणि पुढची पुस्तकं पाठवू नका म्हणावं, जागा नाही.’

ठराव एकमतानं मंजूर झाला. मला मत नसतं. मी इतिवृत्त लिहितो. पत्राचा मसुदाही मीच केला, जावक क्रमांक घातला आणि माझ्याच घरच्या पत्त्यावर टाकलं. बायकोनं ते फोडून वाचलं. म्हणाली, ‘तुमच्या लेखांपेक्षा हे बरं जमलंय.’

पुस्तक आता ८९१.४६७ला, मांजराच्या ताब्यात आहे. वाचकहो, निगडीकडून देहूला निघालात तर वाट थोडी तळवड्याकडे वाकडी करा. येताना ओळखपत्राची झेरॉक्स तेवढी आणा. पहिल्या महिन्याची वर्गणी मी भरतो.